करड्या घोडीचं दावं

सवत घरात येते ती मान खाली घालून, असं आमच्याकडच्या जुन्या बायका सांगायच्या. माझी आली ती धाकूच्या पिकपमधून, मान ताठ करून, आणि उतरल्या उतरल्या माझ्या सारवलेल्या अंगणात लीद टाकून. वर तिला कुंकू मीच लावलं.

पण आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या वेदिकासारखं म्हणाल, "आई, तू एका घोडीवर जळतेस?" वेदिका माझी मुलगी. पुण्याला नोकरी करते. तिला काय जातंय बोलायला!

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सड्याच्या पायथ्याशी. वर सगळा कातळ, खाली भाताचे मळे आणि मधल्या उतारावर आमची वाडी. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण तुमचा घोटाळा नको म्हणून एकदाच सांगून ठेवते: महिपत. आमचे हे मुंबईला शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते. म्हणजे दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करायचा, चंदी घालायची, फिरवून आणायचं. गावी यायचे शिमग्याला आणि गणपतीला. बाकीचं वर्षभर भात मी लावलं, काजू मी वेचले, सासूचं दुखणं मी काढलं आणि पोरगी मी वाढवली. मनात एकच धरून होते. एकदा हा माणूस कायमचा घरी आला की माझा. सकाळचा चहा दोघांनी पडवीत बसून प्यायचा, चार शब्द बोलायचे. मी काही सोन्याची लंका मागत नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर ते आले. थोडे दिवस बरे गेले. चहा पडवीत झाला. हे बोलायचे कमी, पण बसायचे तरी. मला हाक मारायची तर "अगो". लग्न झाल्यापासून मी "अगो"च आहे. माझं नाव विमला, पण ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आमच्या पिढीत नवरे कुठे बायकोला नावाने हाक मारत होते, म्हणून मी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

मग वेदिकानेच काडी लावली. शेजारच्या गावात शहरातली माणसं राहायला येतात, त्यांना सड्यावरून, काजूच्या बागांतून घोड्यावर बसून फिरायचं असतं, त्याला ट्रेल रायडिंग म्हणतात, आणि बाबांइतका घोड्याचा जाणकार तालुक्यात नाही, असं तिने फोनवर सांगितलं. फोन ठेवून हे बराच वेळ सड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "अगो, जल्मभर दुसऱ्याची घोडी फिरवली. येक आपली आसूंदे."

या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, घ्या. मला वाटलं, घोडी म्हणजे काय, शेतावरच्या पंपासारखी एक कामाची वस्तू. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

दापोलीकडे किनाऱ्यावर दीपेश नावाचा एक जण पर्यटकांना घोड्यावरून फिरवतो. त्याला एक घोडी काढून टाकायची होती. कारण काय, तर तिला लाट चालत नाही. पाणी पायाशी आलं की पाठीवर गिऱ्हाईक असो नसो, ती सरळ मागे वळते आणि शहाळीवाल्याच्या टपरीशी जाऊन उभी राहते. आमच्या वाडीतल्या धाकूची पिकप ठरवून आम्ही दोघं गेलो. मीही गेले. माझं म्हणणं, लग्नाला नाही, निदान घोडीच्या खरेदीला तरी नवऱ्याबरोबर गाडीत पुढे बसू.

सुरूच्या झाडाखाली ती बांधलेली होती. राखाडी अंग, त्यावर फिकट ठिपके, आयाळ काळसर. मी तिच्याकडे बघितलं आणि नंतर ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. वधूपरीक्षेला आमच्या घरी आले होते तेव्हा हा माणूस पोह्यांच्या बशीकडे बघत होता. इथे मात्र पापणी लवत नव्हती.

मग त्यांनी तिला तपासलं. आधी तिच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. ओठ वर करून दात बघितले. चारही पाय एकेक करून उचलले, खूर अंगठ्याने दाबून बघितले, गुडघ्यापासून खाली असा हात फिरवला की मी तिकडे बघणंच सोडून दिलं. सांगते, माझा पाय भाताच्या बांधावर मुरगळला होता त्या वर्षी हे गणपतीला घरीच होते. "हळद लाव," म्हणाले आणि आरतीला गेले.

दीपेशला त्यांनी मोटरसायकलचा हॉर्न वाजवायला लावला. धाकूला प्लास्टिकची पिशवी तिच्या तोंडासमोर फडफडवायला लावली. घोडीने नुसता कान हलवला. मग किनारा सोडून मागच्या पऱ्यातून म्हणजे ओढ्यातून, गुळगुळीत धोंड्यांवरून, तिला पाठीवर बसून नेली आणि आणली. तिने प्रत्येक पाऊल बघून टाकलं. पऱ्याच्या पाण्यातून तर ती बिनतक्रार गेली.

"गोड्या पान्याला भेत नाय ती," हे खाली उतरत म्हणाले. "लाट पुढं येते, मागं जाते, त्यानं तिला भोवंड येते. सड्यावर कुठं लाट हाय?"

"पण काका, रंग बघा," दीपेश म्हणाला. "करडी आहे ना, फोटोत काय भारी दिसते."

"करडी ऱ्हानार नाय ती," हे म्हणाले. "ही जात जलमताना काळी, मंग करडी, आनी म्हातारपनी पांढरीशुभ्र. वरसावरसाला उजळत जाते." आणि वर तिच्या कपाळावरून हात फिरवला.

माझेही केस आधी काळे होते, मग करडे झाले, आता पांढरे होत आहेत. मी वर्षावर्षाला उजळत चालले आहे, हे आमच्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सौदा झाला. दीपेशने घोडीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. आमच्याकडे सगळीकडे ही रीत आहे. जनावर द्यायचं पण दावं द्यायचं नाही. दावं घरात राहिलं तर घरची लक्ष्मी राहते. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. ह्यांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि दावं बाहेर काढलं. ते मी लगेच ओळखलं.

ते माझ्या कपिलेचं दावं होतं. कपिला माझी गाय. हे मुंबईत असताना मला रोज कोणी वाट बघणारं होतं तर ती. दोन वर्षांपूर्वी माझ्याच्याने वैरण उचलवेना, ह्यांनी फोनवर सांगितलं विकून टाक, आणि मी विकली. पण दावं ठेवलं. गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलं होतं. कधीतरी उगाच हात लावून यायची. ते दावं ह्यांनी न विचारता उचललं आणि त्या टवळीच्या गळ्यात घातलं.

"माजं दावं हाय ता," मी म्हटलं.

"घरातलंच ना?" हे म्हणाले, आणि गाठ मारत राहिले.

येताना घोडी मागे होती, तर हेही मागे तिच्याबरोबर उभे राहिले. तिला धक्के बसू नयेत म्हणून. पुढे मी आणि धाकू. रत्नागिरी जिल्ह्यातले सगळे खड्डे मी एकटीने सोसले.

घरी आल्यावर नवं जनावर म्हणून तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीतुकडा ओवाळून टाकला, कपाळाला हळदकुंकू लावलं. रीत ती रीत. मी आरतीचं ताट घेऊन उभी असताना दीपेशने सांगितलेलं नाव धाकूला आठवलं. "महिपतकाका, पिंकी म्हनायचं ना हिला?"

"छ्या! नव्या घरी आली. नवं नाव नको काय?" हे म्हणाले. मग तिच्या कानाशी तोंड नेलं आणि आधी हळू, मग मोठ्याने हाक मारली. "राही."

आता राही म्हणजे कोण हे कोणाला सांगायला नको. विठोबाची एक रखुमाई आणि दुसरी राही. धाकू खुदकन हसला. माझ्या हातातलं ताट कलंडलं असतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच नाव ऐकू येऊ लागलं. राही, पाणी पी. राही, पाय उचल. राही, ऊन लागतंय काय गो? पडवीतला चहा बंद झाला. हे कप घेऊन गोठ्यात जायचे. माझ्या कपिलेच्या गोठ्याला आठवड्याला चुना, रोज फिनेल, कोपऱ्यात पंखा. मी पंख्याबद्दल बोलले तर म्हणाले, "माश्या चावतात तिला." मला काय माश्या हार घालतात? गुळाचा खडा माझ्या डब्यातून कमी होऊ लागला. एकदा मी चतुर होऊन गूळ वरच्या फळीवर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी हे दुकानातून ढेप घेऊन आले आणि ती गोठ्यातच ठेवली.

बरं, घोडी वाईट असती तर मला बोलायला जागा होती. पण ती गुणाची निघाली. शहरातल्या भित्र्या बायका तिच्यावर बसून सड्यावर जायच्या आणि येताना हसत यायच्या. हे लगाम धरून पुढे चालायचे आणि तिच्याशी बोलायचे. वाडीतल्या बायका मला पाणवठ्यावर विचारायच्या, "विमलावयनी, सवत काय म्हनते?" त्या गंमत करत होत्या. मला ती गंमत वाटत नव्हती. मी खरंच जळत होते, अगदी ओल्या लाकडासारखी, धूर जास्त.

आणि धूर घोडीचा नव्हता, त्या नावाचा होता. इतक्या प्रेमाने घेतलेलं नाव काही असंच सुचत नाही. मुंबईत एवढी वर्षं एकटा पुरुषमाणूस. तबेल्याच्या मागे चाळ होती, चाळीत बिऱ्हाडं होती. कोण होती ही राही? एका सकाळी मी सरळ विचारलं.

"राही कोन?"

"घोडी," हे म्हणाले.

"त्याच्या आदी कोन?"

ह्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बादली उचलली आणि विहिरीवर निघून गेले. बादली पाण्याने भरलेली होती. मला आणखी काय पुरावा हवा होता?

मी त्या दिवशी रडले नाही. घरच्या कॅलेंडरवर संदेशचा नंबर छापलेला होता. संदेश म्हणजे लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणारा, चिपळूणकडचा. मी फोन लावला आणि सांगितलं की एक करडी मादी आहे, जात अशी की पांढरी होणार, स्वभावाने गरीब, हॉर्नला भीत नाही, फटाक्याचं तुम्ही बघा. संदेश म्हणाला, रविवारी टेंपो घेऊनच येतो. ह्यांना मी काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, चार माणसांसमोर मी तोंड उघडलं, की बघू कोण जड होतं.

रविवारी सकाळी हे एका पर्यटकाला घेऊन सड्यावर गेले होते. मी टेंपोची वाट बघत अंगणात काजू वाळत घालत होते, तर एसटीतून उतरून आल्या आमच्या वन्सं. गोदूबाई, ह्यांची थोरली बहीण, देवरुखला असतात. भावाची घोडी बघायला आल्या होत्या.

"नाव काय ठेवलान तिचं?" पाणी पिता पिता त्यांनी विचारलं.

"राही," मी म्हटलं. तोंड कडू झालं.

गोदूबाईंना ठसका लागला. पाणी नाकातून आलं. मग त्या पदराने तोंड पुसत हसायला लागल्या, ते थांबेचनात. "अजून इसरला नाय मेला! विमले, अगो तुजं नाव गो ते!"

"माजं?"

"लग्नात तांदळाचं ताट मीच धरलं होतं ना. नवऱ्यानं अंगठीनं नवरीचं नाव लिवायचं. म्हपतनं आधीपासून ठरवलं होतं, राही ठेवायचं. मला सांगितलं होतं त्यानं. अंगठी टेकवली, र काढला, तर आयेनं हात धरला. म्हनाली, राही माज्या सासूचं नाव. सासूचं नाव मी जल्मात घेतलं नाय, आनी आता सुनेला त्याच नावानं हाक मारू? आनी शिव्या घालायच्या झाल्या तर कोनच्या नावानं घालू? आयेसमोर म्हपत काय बोलतोय! तिनंच तांदूळ सारखे केले आनी सांगितलं, विमला लिव. त्यानं लिवलं. तू मान खाली घालून बसलेली, वाजंत्रीच्या गोंगाटात तुला काय ऐकू येनार!"

मी हातातलं काजूचं सूप खाली ठेवलं. सासू गेली तरी हा माणूस मला विमला म्हणाला नाही. राहीही म्हणाला नाही. नुसतं अगो. आणि जे नाव माझ्यासाठी ठरवून ठेवलं होतं ते एवढी वर्षं सांभाळून शेवटी घातलं कोणाच्या कानात? घोडीच्या! मुंबईत कोणी नव्हती हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण त्याच्याही वर असा जळफळाट उठला की विचारू नका. आधी मला वाटत होतं घोडीला दुसऱ्या बाईचं नाव दिलंय. आता कळलं की घोडीने माझंच नाव लाटलंय. माझं दावं गळ्यात, माझ्या गाईचा गोठा, माझा गूळ, आणि नावही माझंच!

तेवढ्यात खालच्या वळणावर टेंपोचा हॉर्न वाजला.

संदेश उतरला आणि वरून सड्याच्या वाटेने हेही आले. पर्यटक खाली उतरला, पैसे देऊन गेला. संदेश घोडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मस्त आहे. वरातीत शोभेल. तुम्ही सांगाल ते देतो."

"इकायची नाय ही," हे म्हणाले. "तुमाला कोनी सांगितलं?"

"तुमच्या मंडळींनीच फोन केला ना," संदेश म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

ह्यांनीही बघितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मी तयार होते. पण त्यांनी घोडीच्या पाठीवरचं खोगीर उतरवून पडवीच्या कठड्यावर ठेवलं. तिच्या मानेवरचा घाम तळहाताने पुसला. मग दाव्याचं टोक आणून माझ्या हातात दिलं.

"दावं तुजं हाय," ते म्हणाले. "तवा मी इचारलं नाय, ती माजी चूक. तुज्या मनात नसंल तर जाऊंदे ती. तूच सोड."

आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या खांद्यांकडे बघून मला कळलं की हा माणूस डोळे पुसतो आहे. संदेश हातातली किल्ली फिरवत उभा. घोडी माझ्या कानाशी गरम गरम फुरफुरत होती आणि माझ्या ओच्यात गूळ आहे का ते हुंगत होती.

गाठ सोडायला एक झटका पुरला असता. दावं खुंटीला गेलं असतं, चहा पडवीत आला असता. मी गाठीला हात घातलाही. पण मग हा माणूस पडवीत माझ्याशेजारी बसून आयुष्यभर सड्याकडे बघत राहिला असता, आणि माझं नाव टेंपोत बसून चिपळूणला गेलं असतं.

"संदेशभाऊ, चहा घेऊन जावा," मी म्हटलं. "घोडी ऱ्हानार हाय."

ह्यांनी वळून बघितलं.

"ऱ्हानार, पन फुकट नाय," मी म्हटलं. आवाज वर लागला तो लागलाच. "तिचं नाव पिंकी हाय, पिंकीच म्हना. राही म्हनायचं नाय. वन्संनी मला सगळं सांगितलंय. ताटात अर्धं पुसलं ता माजं नाव हाय, ता माजं मला परत पायजे."

गोदूबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागल्या. हे पुन्हा कानापर्यंत लाल झाले. एवढ्या घोड्यांना हाका मारलेला माणूस! खाकरले. इकडे तिकडे बघितलं, जसं काही सासू अजून माजघरात बसली आहे. मग जमिनीकडे बघत, हळूच म्हणाले,

"राही... चाय ठेव गो."

आणि ती मेली घोडी माझ्याआधी निघाली! कान टवकारून सरळ त्यांच्याकडे. पण दावं माझ्या हातात होतं. मी ते असं आखडून धरलं की ती जागच्या जागी थांबली, आणि पुढे मी गेले.